घर किती मिनिटांवर?

मुंबईच्या परिसरात घर बघायला रविवारी जाऊ नका. एजंट मात्र रविवारीच बोलावतो. तुम्हाला सुट्टी असते आणि त्याच्याही ते पथ्यावर पडतं, कारण रविवारी रिक्षा लगेच मिळते, लोकलमध्ये बसायला जागा असते आणि ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ हे जाहिरातीतलं वाक्य त्या एका दिवशी चक्क खरं निघतं. सोमवारी तीच दहा मिनिटं रिक्षाच्या रांगेत संपतात. तेव्हा एक दिवस रजा टाका. जुलैतला एखादा मंगळवार उत्तम. सकाळी साडेसातला त्या इमारतीच्या फाटकाशी उभे राहा, तिथून आपल्या ऑफिसच्या खुर्चीपर्यंत जा आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी पुन्हा त्याच फाटकापर्यंत या. दोन्ही वेळा घड्याळ बघा. टोकनची रक्कम द्यायची की नाही, ते त्या रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर ठरवा.

मी डोंबिवलीकर आहे, आणि दर मे-जूनमध्ये आमच्याकडे गावाकडून फोन येतात. कराडच्या भाच्याला साकीनाक्याला नोकरी लागलेली असते, लातूरच्या मित्राच्या मुलीला परळला. प्रश्न एकच: “काका, कुठे घर बघू?” त्यांना वाटतं मी एखाद्या गावाचं नाव सांगेन. मी उलट विचारतो, “रोज किती वेळ द्यायची तयारी आहे?” कारण पसरलेल्या शहरात आपण भाडं भरतो ते चौरस फुटांचं, आणि खर्च करतो ते तास. भाड्याचा आकडा करारात लिहिलेला असतो. तासांचा आकडा कुठेच लिहिलेला नसतो, तो आपणच काढावा लागतो.

आधी हे शहर म्हणजे नेमकं काय, ते पाहू. ‘मुंबईला राहतो’ असं सांगणारा माणूस विरारचा असतो, बदलापूरचा असतो, पनवेलचाही असतो. मुंबई महानगर प्रदेश सहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा आहे आणि त्यात नऊ महानगरपालिका आहेत. म्हणजे पाणी, कचरा आणि मालमत्ता कर यांचे नऊ वेगवेगळे कारभार. शिवाय या शहराचा मधला भाग ओसरत चाललाय आणि कडा फुगत चालल्यात. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात ३३ लाखांवर माणसं होती, २०११ मध्ये ती ३१ लाखांच्याही खाली आली. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबत गेले, चाळीतल्या एका खोलीत दुसऱ्या भावाचं लग्न मावेना, आणि गिरगाव-लालबाग-परळची मराठी घरं खोली विकून डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याला आली. नोकऱ्या बऱ्याचशा मागेच राहिल्या. रोजचा प्रवास आहे तो या तुटलेल्या जोडाचा.

मिनिटं मोजायची कशी

लोक गाडीतला वेळ मोजतात आणि तिथेच फसतात. डोंबिवलीहून दादर पाऊण तास, असं मीही पहिल्या दिवशी म्हणालो होतो. त्या पाऊण तासाच्या आधी घरापासून रिक्षास्टँड, मग रांग, मग शेअर रिक्षात चौथ्या माणसाची वाट बघणं, मग स्टेशनचा पूल, मग फलाट आणि पहिली गाडी सोडून दुसरी पकडणं असतं. पलीकडच्या बाजूला पुन्हा पूल, पुन्हा रांग, बस किंवा शेअर टॅक्सी, आणि शेवटी टॉवरमधल्या लिफ्टची रांग. या सगळ्याची बेरीज दीड तासावर जाते. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, नोकरी असणाऱ्यांना विचारा. कुर्ला स्टेशन ते बीकेसी नकाशावर हाताच्या अंतरावर दिसतं, आणि अख्ख्या प्रवासात तोच टप्पा सगळ्यात जास्त रक्त आटवतो. बीकेसीला भुयारी मेट्रोचं स्टेशन २०२४ मध्ये सुरू झालं, पण कुर्ल्याला उतरून तिथे जाणाऱ्याची रिक्षा त्याने चुकली नाही.

किलोमीटरवरही विश्वास ठेवू नका. सीएसएमटीहून पनवेल ४९ किलोमीटर आणि कल्याण ५४. तरी कल्याणकर लवकर घरी पोचतो, कारण मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर फास्ट गाड्या आहेत आणि हार्बरवर सगळ्या स्लो. कल्याणनंतर मार्ग फुटतो. एक फाटा अंबरनाथ-बदलापूर करत कर्जतकडे, दुसरा टिटवाळा-आसनगाव करत कसाऱ्याकडे. त्यामुळे कल्याणच्या पुढे गाड्या विभागल्या जातात आणि चुकलेल्या एका गाडीची शिक्षा मोठी होते. पश्चिम रेल्वेवर हीच गोष्ट विरारच्या पुढे डहाणूपर्यंत. बदलापूरची जागा डोंबिवलीपेक्षा स्वस्त का, याचं निम्मं उत्तर या फाट्यात आहे.

आणखी एक गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. हे शहर उत्तर-दक्षिण धावतं, आडवं जायला कुरकुरतं. विरारहून चर्चगेट गाठणं कष्टाचं असलं तरी सरळ आहे. मुलुंडहून मालाडला जाणं म्हणजे वनवास. २०१४ च्या जूनमध्ये घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो सुरू झाली तेव्हा साडेअकरा किलोमीटरांच्या त्या तुकड्याने हजारो घरांचं गणित बदललं, ते याच आडवेपणामुळे. नवरा-बायको दोघं नोकरी करत असाल आणि एकाचं ऑफिस ठाण्याला, दुसऱ्याचं अंधेरीला असेल, तर घर दोघांपैकी एकाच्या ऑफिसशेजारी घेऊ नका. घाटकोपरसारखं जोड-स्टेशन जवळ पडेल असं घ्या. दोघांचीही थोडी फरफट झालेली संसाराला झेपते. एकाचीच पूर्ण फरफट झाली तर संध्याकाळची भाजी कोण चिरणार यावरून रोज वाद होतात. हे मी स्वानुभवाने सांगतोय, तपशील विचारू नका.

आता हिशेब. एका बाजूचे पावणेदोन तास, म्हणजे दिवसाचे साडेतीन. वर्षाचे कामाचे दिवस २५० धरले तर ८७५ तास होतात. चोवीस तासांचा दिवस धरला तर ३६ दिवस. वर्षातला सव्वा महिना तुम्ही रात्रंदिवस गाडीत, पुलावर आणि रांगेत असता. समजा, जवळचं घर महिन्याला १२ हजारांनी महाग आहे आणि त्याने रोजचे दोन तास वाचतात. महिन्याचे २१ दिवस धरले तर ४२ तास वाचले, म्हणजे तासाला साधारण २८५ रुपये पडले. दोघांचेही दोन-दोन तास वाचत असतील तर तासाला १४३. त्यातून रिक्षाचे आणि बाहेरच्या खाण्याचे वाचलेले पैसे वजा करा. मग स्वतःला विचारा, आपला एक तास एवढ्या किमतीला विकत घ्यायचा का? कधी उत्तर ‘हो’ येईल, कधी ‘नाही’. मूल लहान असताना ‘हो’ आणि गृहकर्जाचा हप्ता डोक्यावर असताना ‘नाही’, असं एकाच घरात होतं. पण हिशेब न करता ‘भाडं परवडत नाही’ म्हणून अडीच तास लांब जाणारे आणि ‘प्रवास नको’ म्हणून पगाराचे निम्मे पैसे भाड्यात घालणारे, दोघंही मी पस्तावलेले पाहिलेत.

गाडीची रीत

प्रवास टळणारच नसेल तर तो शिकून घ्यावा. पहिली गोष्ट, ज्या स्टेशनातून गाडी सुटते त्या स्टेशनाजवळ घर मिळतंय का ते बघा. डोंबिवली, ठाणे, बदलापूर, अंबरनाथ, बोरिवली, विरार इथून गाड्या सुटतात. सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळण्याची आशा तरी असते. तशी सोय नसेल किंवा तिथेही जागा मिळत नसेल तर लोक ‘उलटे’ जातात, म्हणजे डोंबिवलीहून आधी कल्याणला जाऊन त्याच गाडीत बसून परत येतात. रीत सर्वमान्य असली तरी टीसीला मान्य नाही. उलटं जायचं असेल तर पास त्या पुढच्या स्टेशनापर्यंतचाच काढा. फरक थोडाच असतो. दंड भरताना ओळखीच्या चेहऱ्यांसमोर जी शोभा होते ती महाग पडते. पास तीन महिन्यांचा काढलात तर महिन्याच्या तीन पासांपेक्षा स्वस्त पडतो.

दुसरी गोष्ट, गाडीत कुठे चढायचं हे उतरायच्या स्टेशनातला पूल कुठे आहे त्यावरून ठरवायचं. पहिले चार दिवस हे टिपून ठेवा. दादरला चुकीच्या टोकाला उतरलात तर गर्दीत पूल चढेपर्यंत पुढची गाडी गेलेली असते.

तिसरी, गाडीचं नाव बघा. विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरण्याचा बेत संध्याकाळी करू नका. तुम्हाला कोणी मारणार नाही, पण उतरूही देणार नाही. लांबच्या माणसाला लांबची गाडी एकच असते, तुम्हाला चार असतात. त्याचा राग अगदीच अनाठायी नाही. तीन माणसांच्या बाकावर चौथी सीट म्हणजे अर्धी मांडी टेकवण्याचा हक्क, आणि तो मागितला की बहुधा मिळतो. “कुठे?” एवढंच विचारायचं. समोरचा “ठाणे” म्हणाला की ठाण्याला ती खिडकी तुमची. यावर कुठेही सही लागत नाही आणि हा करार सहसा मोडत नाही.

चौथी गोष्ट कळकळीने. दरवाजात लटकू नका. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या वळणावर दोन भरलेल्या गाड्या शेजारून गेल्या, दारातली माणसं खाली पडली आणि काहींचे जीव गेले. सकाळी कामाला निघालेली माणसं होती ती. त्या वळणावरून मीही वर्षानुवर्षं दारातून गेलोय, वारा खात, मजेत. आता जात नाही. ऑफिसात साहेबांशी बोला. वेळ अर्ध्या तासाने पुढे-मागे झाली तरी गाडीचा चेहरा बदलतो. सात चाळीसची आणि आठ दहाची या दोन निराळ्या दुनिया आहेत. गरोदर बायकांना दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करता येतो. हे कित्येकींना माहीत नसतं, त्यांना सांगा.

करार आणि कागद

भाड्याच्या घराबाबत एक गैरसमज घट्ट बसलाय, की करार अकरा महिन्यांचा असला तर नोंदणी लागत नाही. इतर राज्यांत काय असेल ते असो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. तेव्हा मालक टाळाटाळ करू लागला तर भांडू नका, त्याला हे कलम सांगा. नोंदणी त्याच्याच फायद्याची आहे हे कळलं की बहुतेक जण वठणीवर येतात. आता ती ऑनलाइन होते, एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो.

डिपॉझिट रोख देऊ नका, बँकेतून द्या. घराची किल्ली हातात आली की सामान आणण्याआधी भिंती, नळ, खिडक्यांच्या काचा, संडासाची टाकी, सगळ्यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. मी पहिल्या भाड्याच्या घरी हे केलं नव्हतं. सोडताना मालकांनी रंगाचे म्हणून पैसे कापले, आणि तो पापुद्रा माझ्या आधीपासूनचा होता हे सांगायला माझ्याकडे तोंडाशिवाय काही नव्हतं.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडं जास्त. बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं महारेरा २०१७ पासून आहे आणि प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक बघायची सवय लोकांना लागली, हे चांगलंच झालं. पण तेवढ्यावर थांबू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचं प्रकरण गाजलं. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे क्रमांक मिळवले गेले होते. घेणाऱ्यांनी क्रमांक पाहिला होता, बँकांनी कर्जं दिली होती, आणि शेवटी न्यायालयाने इमारती पाडायला सांगितल्या. त्यामुळे बांधकाम परवानगीची प्रत घेऊन स्वतः महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि ती तिथल्या दप्तरात आहे का ते विचारा. एक दिवस जाईल, कदाचित दोन. वीस वर्षं हप्ते भरायच्या घरासाठी दोन दिवस फार नाहीत. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) बघितल्याशिवाय पुढे बोलू नका. ‘ओसी येईल महिन्याभरात’ हे वाक्य ऐकून दहा वर्षं झालेल्या सोसायट्या आहेत, आणि त्यातले काही लोक पाण्याची पट्टी जादा दराने भरतायत. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एक बेकायदा इमारत बांधता बांधताच कोसळली आणि ७४ माणसं गेली. स्वस्त घराची जाहिरात वाचताना मला ती अजून आठवते.

पाण्याबद्दल एजंटला विचारण्यात अर्थ नाही. तो ‘चोवीस तास’ म्हणतो, आणि टाकीत चोवीस तास पाणी असतं हे खोटंही नसतं, फक्त ते कुठून येतं हे तो सांगत नाही. वॉचमनला विचारा, तळमजल्यावरच्या बाईंना विचारा: महापालिकेचं पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, मे महिन्यात टँकर किती लागतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरतात की वेगळे? मुंबईला सात धरणं-तलावांचं पाणी मिळतं आणि नवी मुंबईचं स्वतःचं मोरबे धरण आहे. कडेच्या शहरांत मात्र इमारती आधी येतात आणि पाइप नंतर.

आणि नदी बघा. ‘रिव्हर व्ह्यू’ला पैसे मोजण्याआधी जुलै २०१९ आठवा. उल्हास नदी फुगली आणि वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसकट पाण्यात अडकली, माणसांना बोटींतून काढावं लागलं. त्या भागात घर घेताना आसपासच्या जुन्या रहिवाशाला विचारा, त्या दिवशी पाणी कुठपर्यंत आलं होतं? तो भिंतीवर बोट ठेवून दाखवेल.

मग इथे राहायचंच कशाला?

एवढं वाचून कोणी सांगलीतच राहिला तर माझी तक्रार नाही. पण खरं सांगायचं तर मला हे शहर सोडवत नाही, आणि त्याची कारणं सिनेमातल्या मुंबईशी फारशी जुळत नाहीत. समुद्र मला वर्षातून दोनदा दिसतो.

पहिलं कारण, इथे नोकरी बदलली तर घर बदलावं लागत नाही. छोट्या गावात एक कारखाना बंद पडला की माणूस गाव सोडतो. इथे कंपनी बंद पडली तेव्हा मी त्याच डोंबिवलीतून दादरऐवजी भायखळ्याला जाऊ लागलो. मुलाची शाळा बदलली नाही, दूधवाला बदलला नाही. शहराच्या पसाऱ्यानेच तेव्हा आम्हाला तारलं.

दुसरं, आजारपण. घरात मोठं दुखणं निघालं की या पसाऱ्याचं मोल कळतं. परळच्या एका टापूत १९२६ पासूनचं केईएम आहे आणि १९४१ पासूनचं टाटा मेमोरियल. अख्ख्या देशातून लोक तिथे येतात, फुटपाथवर राहतात, धर्मशाळांत नंबर लावतात. डोंबिवलीकर सकाळी जाऊन रात्री घरच्या अंथरुणात येऊन पडतो. हा फायदा कुठल्याही जाहिरातीत लिहिलेला नसतो.

तिसरं, इथे तुम्ही कोण हे कोणी विचारत नाही. गावाकडे एकटी मुलगी रात्री नऊला बाहेरून आली तर चार खिडक्या उघडतात. इथे साडेनऊच्या लोकलला बायकांच्या डब्यात उभं राहायला जागा नसते. आमच्या शेजारच्या खोलीत नोकरी करणाऱ्या तीन मुली राहतात, एक परभणीची, दोन सिंधुदुर्गातल्या. त्यांच्यासाठी या शहराचं सगळ्यात मोठं सुख कोणतं, असं विचारलं तर त्या म्हणतात, कोणी विचारत नाही हेच. याची दुसरी बाजूही आहे. आजारी पडलं तरी कोणी विचारत नाही. त्यावरचा उपाय पुढे सांगतो.

चौथं कारण म्हणजे वस्तू, माणसं आणि छंद. विजेचा कुठलासा जुना स्विच हवाय, तर लोहार चाळ. इलेक्ट्रॉनिक्सचा सुटा भाग, तर लॅमिंग्टन रोड. कापड, तर मंगलदास मार्केट. पहाटेची फुलं, तर दादर. तुमचा छंद कितीही तिरपागडा असो, तो असलेली आणखी दहा माणसं या शहरात सापडतात. जहांगीर कलादालनात १९५२ पासून चित्रं बघायला पैसे पडत नाहीत. नाटकासाठी शिवाजी मंदिर, दीनानाथ, गडकरी रंगायतन आहेत, आणि आमच्याकडे सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. माझी तक्रार शहराबद्दल नाही, शहरात राहणाऱ्यांबद्दल आहे. वर्षाचे ८७५ तास मोजून लोक इथे राहतात आणि बदल्यात मॉलमध्ये जातात, जो मॉल आता साताऱ्यातही असतो. शहराची किंमत भरताय तर ते वापरा. महिन्यातला एक दिवस ठरवा, मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून घ्या, आणि जा. वर्षभरात एकही नाटक, एकही प्रदर्शन, एकही ओळखीबाहेरची गल्ली झाली नसेल, आणि कामही घरून होत असेल, तर नाशिकला राहायला काय हरकत आहे? मी हे चिडून म्हणत नाही. आमच्या इमारतीतलं एक कुटुंब तीन वर्षांपूर्वी खरोखरच नाशिकला गेलं आणि सुखात आहे. द्राक्षं पाठवतात.

आपलं गाव आखून घ्या

अख्खं महानगर आपलं करायला गेलात तर दमाल. शहरात टिकलेली माणसं मी पाहतो, त्यांनी आपापलं एक छोटं गाव आखून घेतलेलं असतं. ठरलेला भाजीवाला, ठरलेला वाणी, चालत जाता येईल असा डॉक्टर, एक वाचनालय, एक मैदान किंवा देवळाचा कट्टा. घर ठरवताना या गोष्टी पंधरा मिनिटांच्या चालीत आहेत का ते पाहा. नव्या टॉवरांच्या वसाहतींत स्विमिंग पूल असतो आणि चपलेचा अंगठा शिवून देणारा नसतो. दुसरा जास्त वेळा लागतो.

नव्या घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच समोरच्या दाराची बेल वाजवा. काही नसेल तर विरजण मागा. शहरात विरजण मागणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही, आणि वाटी परत करायला गेलं की दुसरी भेट होते. महिन्याभरात घराची जादा किल्ली त्या घरी ठेवा आणि त्यांची आपल्याकडे. मघाशी म्हटलं तो उपाय हाच. गाडीतल्या ग्रुपचंही तसंच. रोजच्या डब्यातली सात-आठ माणसं वर्षभरात नातेवाइकांपेक्षा जास्त भेटतात. कोणी दोन दिवस दिसलं नाही तर फोन करतात. दसऱ्याला डबा सजवतात, निवृत्तीला पेढे वाटतात. पहिल्या महिन्यात कानात हेडफोन घालून बसलात तर हे सगळं तुमच्या शेजारून निघून जाईल.

आणि वाटेवरचं एक घर जोडून ठेवा. हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. ऑफिस आणि घर यांच्या साधारण मध्यावर, स्टेशनपासून चालत जाता येईल असं, ओळखीचं एक घर तुम्हाला हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी दुपारी दादरहून निघालो, गाडी कुठेतरी थांबली ती थांबलीच, आणि रुळांवरून चालत संध्याकाळी विक्रोळीला पोचलो. फोन लागत नव्हते. बरोबर ऑफिसातला एक जण होता, त्याची मावशी तिथल्या एका वसाहतीत राहायची. तिच्या घरी त्या रात्री आम्ही अकरा जण होतो, त्यातल्या सात जणांना ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. तिने मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली, लोणच्याची बरणी मधे ठेवली आणि प्रत्येकाला कोरडा पंचा दिला. डोंबिवलीला घरी पोचायला मला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली.

त्यानंतर दर दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी विक्रोळीला उतरतो. मावशी आता थकल्यात. गेल्या वर्षी म्हणाल्या, “चकल्या मऊ पडल्यात रे.” खरंच पडल्या होत्या.